रस्ते आणि फुटपाथ टिकवायचे कसे : सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि निवृत्तीपर्यंत रस्त्यांच्याच कामात राहिलो. आजही सकाळी फिरायला निघालो की नजर पायाखाली असते. शेजारीपाजारी, नवे नगरसेवक, आसपासच्या गावांचे सरपंच भेटतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त असतात. उभ्या उभ्या दिलेली उत्तरं मात्र अपुरी पडतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

आमच्या घरासमोरचा रस्ता नेमका कोणाचा?

आधी हे ठरवा, कारण कित्येक तक्रारी चुकीच्या दारात जाऊन पडून राहतात. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी महापालिका झाली. तिच्या हद्दीतले गल्लीबोळ आणि कॉलन्यांचे रस्ते तिचे. पण हद्दीतून जाणारा प्रत्येक रस्ता तिचा असतोच असं नाही. मिरजेवरून जाणारा रत्नागिरी–नागपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषद बघते, गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायत. औद्योगिक वसाहतीच्या आतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे.

सांगलीत आणखी एक गुंता आहे, तो गुंठेवारीचा. शेतजमिनीचे तुकडे पडले, घरं उभी राहिली, रस्त्याची जागा मात्र कागदावर पालिकेच्या नावावर आलीच नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा आल्यावर नियमितीकरणाचा मार्ग खुला झाला, तरी काही भागांत अजून हा घोळ आहे. तिथे डांबर मागण्याआधी रस्त्याच्या जागेचं हस्तांतरण झालंय का, हे नगररचना विभागात विचारा. ते झालेलं नसेल तर अभियंत्याची इच्छा असूनही त्याला अंदाजपत्रक करता येत नाही.

दरवर्षी तोच खड्डा, त्याच जागी. असं का?

कारण खड्डा वर दिसतो आणि दुखणं खाली असतं. रस्ता थरांचा असतो. तळाला माती, तिच्यावर मुरमाचा किंवा खडीमिश्रित थर, मग दाबलेली खडी आणि सगळ्यात वर डांबराचा काही सेंटिमीटरचा पापुद्रा. डांबराचं काम दोनच, पाणी आत जाऊ न देणं आणि चाकाची झीज सोसणं. भार पेलतात ते खालचे थर. वर बारीक भेग पडली, ती कोणी बुजवली नाही, पाऊस आत उतरला की खालची माती मऊ होते. त्यावरून एखादा भरलेला ट्रक गेला की माती दबते, वरचा पापुद्रा मोडतो आणि दोन दिवसांत खड्डा तयार. आपण फक्त पापुद्र्याचं ठिगळ लावतो. माती ओलीच राहते, म्हणून पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा खड्डा पडतो.

माझ्या नोकरीतल्या एका गल्लीत एकच खड्डा आम्ही लागोपाठ तीन वर्षं बुजवला. चौथ्या वर्षी पाऊस पडायच्या आधीच तो उखडला, तेव्हा मला शंका आली. खणून पाहिलं तर एका घराची नळजोडणी सांध्यात गळत होती. पाणी बारा महिने रस्त्याखाली झिरपत होतं. गळती काढली, ओली माती उपसून मुरूम दाबून भरला आणि वर डांबर केलं. मी निवृत्त झालो तोवर तिथे पुन्हा हात लावावा लागला नाही. पहिल्याच वर्षी खणलं असतं तर तीन वर्षांचं डांबर वाचलं असतं, ही चूक माझीच होती.

एकाच जागी खड्डा दुसऱ्यांदा पडला की डांबराची गाडी बोलावू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गळकी लाइन, तुंबलेलं गटार, रस्त्यापेक्षा उंच झालेली साइडपट्टी, घरांच्या ओसंडणाऱ्या टाक्या, यातलं काहीतरी सापडतंच.

पावसाळ्यात मुरूम टाकतात, तो दोन दिवसांत वाहून जातो. मग टाकतातच कशाला?

भर पावसात गरम डांबराचं काम करता येत नाही. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, आणि पाणी साचलेलं असताना किंवा पाऊस चालू असताना ते टाकू नये असं शासनाच्या मानकांतच लिहिलेलं आहे. त्यामुळे जून ते सप्टेंबर तात्पुरता उपाय करणं भाग असतं. पण तात्पुरत्यातही फरक आहे. मातकट मुरूम नुसता ओतला तर चिखल होतो आणि दुचाक्या घसरतात. त्यापेक्षा खडी आणि खडीची कच योग्य प्रमाणात मिसळून, खड्ड्यातलं पाणी उपसून, थराथरानं ठोकून भरली तर निदान पाऊस उघडेपर्यंत टिकते. बॅगेत येणारं थंड डांबरी मिश्रणही मिळतं. ते महाग आहे, पण चौकात, उतारावर, दवाखान्यासमोर तेच वापरावं. पावसाळ्यात हजार ठिकाणी मुरूम टाकण्यापेक्षा जिथे माणूस पडून जिवाला मुकू शकतो अशी पन्नास ठिकाणं नीट भरणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खड्डा नीट बुजवलाय हे साध्या माणसानं कसं ओळखावं?

सगळ्यात आधी आकार पाहा. खड्डा गोल-वेडावाकडा ठेवून त्यात माल ओतला असेल तर ते काम टिकणार नाही. कडा चौकोनी आणि उभ्या कापायला हव्यात, आजूबाजूचं सैल झालेलंही काढायला हवं. मग आत झाडू किंवा हवा मारून धूळ काढायची. त्यानंतर तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात, ज्याला साइटवर सगळे टॅक कोट म्हणतात. जुन्याला नवं चिकटतं ते या हातामुळेच, आणि घाईत गाळला जातो तोही हाच. खोल खड्डा एका दमात भरायचा नाही, थर देऊन प्रत्येक थर दाबायचा. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच, कारण वाहतुकीनं तो थोडा बसतो.

माल गरम आहे का, हेही पाहा. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण प्लँटवर १५० ते १६५ अंशांना तयार होतं, टाकताना ते १४० च्या खाली नसावं आणि माल ९० अंशांच्या खाली उतरायच्या आधी रोलरचं दाबणं संपलेलं असावं. प्लँट लांब असेल, ट्रक ताडपत्रीशिवाय आला असेल, तर माल वाटेतच निवतो. निवलेला माल कितीही दाबा, आत पोकळ्या राहतात. साधा थर्मामीटर फार महाग नसतो. प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याच्या पिशवीत तो असलाच पाहिजे.

सांगलीच्या काळ्या मातीत रस्ता टिकतच नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. शेतात पडणाऱ्या भेगा आपण बघतोच, त्याच भेगा रस्त्याखालीही पडतात. भिजलेल्या काळ्या मातीची भार पेलायची ताकद फारच कमी असते. अभियंते ती सीबीआर नावाच्या चाचणीनं, प्रमाण खडीच्या तुलनेत टक्क्यांत मोजतात. चांगल्या मुरमाच्या मानानं काळ्या मातीचा आकडा नगण्य, बऱ्याचदा २-३ टक्क्यांच्या घरात येतो. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात राहणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायची गरज नाही.

पण म्हणून हात टेकायचे नाहीत. वरची माती खणून काढून मुरमाचा जाड थर द्यायचा, किंवा मातीत चुना मिसळून तिचं फुगणं कमी करायचं. चुन्याची ही पद्धत जुनी आणि सिद्ध झालेली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही बाजूंचं गटार रस्त्याच्या खडीच्या तळापेक्षा खोल हवं. खडीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर रस्ता दोन्ही बाजूंनी बांधलेल्या हौदासारखा होतो. साताऱ्यात दुखणं वेगळं आहे. तिथे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतार आहे, पाणी साचत नाही तर धावतं, आणि धावताना कडा कुरतडत जातं. इथलं अंदाजपत्रक तिथे किंवा तिथलं इथे जसंच्या तसं उचललं की फसगत होते.

रस्त्याला मधे फुगवटा कशासाठी देतात?

पाण्यासाठीच. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेला साधारण २ ते २.५ टक्के उतार देतात. ७ मीटर रुंद रस्ता असेल तर मध्य कडेपेक्षा ७ ते ९ सेंटिमीटर उंच. दोन विटांवर आडवी दोरी ताणून हे कुणालाही मोजता येतं. उतार बरोबर असला आणि तरी पाणी साचत असलं तर बहुधा कडेला माती साठलेली असते. फावड्यानं साइडपट्टी ओढून पाण्याला वाट करून देणं हे सगळ्यात स्वस्त देखभालीचं काम आहे, आणि त्याचं उद्घाटन होत नसल्यामुळे ते सगळ्यात आधी राहून जातं.

आमचा रस्ता पार उखडलाय, आणि तुम्ही बऱ्या रस्त्यावर डांबर टाकता. हा कुठला न्याय?

हा प्रश्न मला सभेत सगळ्यात जास्त रागानं विचारला गेलाय. राग समजतो. तरीही उत्तर देतो, कारण पालिकांचा पैसा नेमका इथेच वाया जातो.

नव्या रस्त्याची पहिली काही वर्षं फारशी तक्रार नसते. मग डांबर कडक होतं, त्याचा काळेपणा जाऊन ते करडं दिसू लागतं, केसासारख्या भेगा पडतात. या टप्प्यावर भेगा भरल्या, सील कोट म्हणजे भेगा बंद करणारा डांबराचा पातळ थर दिला, तर आपण फक्त वरच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरशी खेळत असतो. ती वेळ हुकली की पाणी आत जातं, मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं होतं, आणि मग घसरण झपाट्यानं होते. आता अर्धा मीटर खणून सगळे थर नव्यानं करावे लागतात. एक-दोन सेंटिमीटरचं काम आणि पन्नास सेंटिमीटरचं काम यांच्या खर्चातला फरक सांगायला दरसूची उघडावी लागत नाही.

समजा, एका गावात शंभर रस्ते आहेत. त्यातले वीस पूर्ण खराब आणि तीस भेगांच्या टप्प्यावर. सगळा पैसा खराब रस्त्यांवर घातला तर वर्षाला पाच रस्ते नवे होतात. तेवढ्यात भेगांच्या तीसांतले सहा-सात रस्ते खराब होऊन त्या वीसांत येतात. पाच बाहेर, सात आत. दरवर्षी पैसा खर्च करूनही गावात खराब रस्ते वाढतच जातात आणि लोक म्हणतात, पैसा कुठे गेला? तोच पैसा विभागला, थोडा तीस रस्त्यांना वेळेवर सील करायला आणि उरलेला सर्वांत वाईट दोन-तीन रस्त्यांना, तर पहिली दोन वर्षं शिव्या बसतात, पण नंतर खराब रस्त्यांची संख्या खरोखर उतरते.

पूर्ण उखडलेला रस्ता आता आणखी फार बिघडणार नाही. तो यंदा केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, खर्चात मोठा फरक पडत नाही. भेगाळलेला रस्ता मात्र एका पावसाळ्यात हातचा जातो. उखडलेल्या रस्त्यावरच्या लोकांना वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. तो रस्ता निदान खडी दाबून चालण्याजोगा ठेवणं पालिकेचं कर्तव्य आहे. आणि त्यांचा नंबर कोणत्या वर्षी लागणार हे लेखी सांगणंही.

हे ठरवायला पाहणी कशी करायची? छोट्या नगरपंचायतीला परवडेल का?

परवडेल. मोठ्या शहरांत लेझर लावलेल्या गाड्या फिरतात, खडबडीतपणा मोजायची यंत्रं असतात. तुम्हाला वही, टेप आणि मोबाइल पुरे. रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावरून पायी चाला. गाडीतून पाहणी करू नका, गाडीतून भेगा दिसत नाहीत. प्रत्येक तुकड्यासाठी भेगा किती भागावर, खड्डे किती, चाकोरी किती खोल, कडा तुटल्यात का, पाणी साचतं का आणि गटार वाहतं का, एवढंच लिहा. मागचं डांबर कोणत्या वर्षी झालं, कोणत्या ठेकेदारानं केलं आणि खालून कोणत्या लाइन जातात, हेही. एक फोटो काढा, शक्यतो दरवर्षी त्याच जागेवरून.

मग प्रत्येक तुकड्याला गुण द्या. जगभर ० ते १०० अशी एक पद्धत रूढ आहे, १०० म्हणजे कोरा करकरीत. पण चांगला, मध्यम, वाईट असे तीनच वर्ग केले तरी काम भागतं. गुण अगदी अचूक असण्यापेक्षा दरवर्षी त्याच पद्धतीनं दिलेले असणं महत्त्वाचं, कारण आपल्याला घसरण पाहायची असते. गुणांसोबत त्या रस्त्याचं महत्त्वही लिहा. शाळेचा आहे का, एसटीचा आहे का, मिरजेच्या दवाखान्यांकडे रुग्ण नेणारा आहे का. प्राधान्य या दोन्हींतून ठरतं.

वर्षातून दोनदा फिरा. एकदा दिवाळीनंतर, म्हणजे उन्हाळ्याआधी अंदाजपत्रकं तयार होतात. दुसऱ्यांदा पहिल्या मोठ्या पावसात, छत्री घेऊन. त्या एका तासात पाणी कुठे साचतं, कुठून येतं आणि कुठे अडतं हे जे कळतं ते कोरड्या दिवसांत महिनाभर फिरूनही कळत नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात उपयोगी नोंदी भिजलेल्या वहीत आहेत.

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते जातात की हे निमित्त आहे?

निमित्त नाही, साधं गणित आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक रात्रंदिवस फिरवले गेले. त्यातून असं दिसलं की रस्त्याचं नुकसान एका आसावरच्या (ॲक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. वजन दुप्पट केलं की नुकसान सोळा पट. वजन नुसतं दहा टक्के वाढवलं तरी नुकसान जवळजवळ दीडपट. आपल्याकडे प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. त्याच आसावर १२ टन आले तर एक फेरी साडेचार फेऱ्यांहून जास्त झीज करते.

आता हे गावच्या रस्त्याला लावा. ३ किंवा पावणेचार मीटरचं डांबर, समोरून दुसरी ट्रॉली आली की एक चाक साइडपट्टीवर उतरतं. साइडपट्टी मातीची, शेताला पाणी दिल्यामुळे ओली. डांबराची कड मोडते, मग पुढच्याला आणखी आत सरकावं लागतं. म्हणून ऊस पट्ट्यातले रस्ते मधे नाही, कडेनं मरतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरमध्ये साइडपट्ट्या मुरूम टाकून दाबून घ्या. समोरासमोरच्या ट्रॉल्यांना थांबायला ठराविक अंतरावर जागा करा. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉल्यांचे मार्ग वेगळे करता येतील का, यावर कारखान्याच्या शेती विभागाशी बोला. आणि पाटाचं पाणी रस्त्यावर सोडू नका. ऊस आपलाच आहे आणि रस्ताही.

नवा रस्ता झाला की आठवड्यात पाण्याच्या लाइनसाठी खोदतात. हे थांबत का नाही?

कारण खाती एकमेकांशी बोलत नाहीत. पाणीपुरवठा, ड्रेनेज, वीज, टेलिफोन आणि गॅस यांची वर्षभराची कामं एका तक्त्यात लिहून मगच डांबराची यादी करायची, एवढंच करायचं असतं. महिन्यातून एक बैठक पुरते. नवा रस्ता करण्याआधी घरांच्या बदलायच्या नळजोडण्या बदलून घ्याव्यात आणि पुढच्यासाठी आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत.

खोदाई टळत नाही तिथे चर कसा बुजवला जातो याकडे लक्ष द्या. खोदलेलीच माती परत ढकलली तर चर वर्षभर बसत राहतो. निवडक मुरूम पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबायचा, आणि वरचं डांबर चराच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्त कापून घ्यायचं, म्हणजे सांधा पक्क्या जमिनीवर येतो. खोदाईच्या परवानगीपोटी पैसे भरून घेतलेले असतात, ते त्याच चरावर खर्च झाले का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

डांबरी चांगला की काँक्रीटचा?

डांबरी रस्त्याचा आराखडा साधारण १५ ते २० वर्षांचा करतात, काँक्रीटचा ३० वर्षांचा. नुसता हा आकडा ऐकून सगळे काँक्रीट मागतात. जिथे पाणी साचतं, बाजाराची वर्दळ आहे, पुराचं पाणी येतं, तिथे काँक्रीट योग्यच. पण त्याखालची पाण्याची लाइन जुनी असेल तर ती फुटेल त्या दिवशी काँक्रीट फोडावं लागेल, आणि फोडलेलं काँक्रीट पूर्वीसारखं जुळत नाही. शिवाय काँक्रीटला वेळ हवा. सांधे वेळेवर कापायचे, किमान १४ दिवस ओलं ठेवायचं, २८ दिवस अवजड गाड्या नाहीत. उद्घाटनाच्या तारखेसाठी हे दिवस कापले की भेगा नक्की. अरुंद बोळात, जिथे वरचेवर खणावं लागतं, तिथे पेव्हर ब्लॉक सोयीचे. उचलता येतात, परत बसवता येतात. फक्त त्यांना दोन्ही कडांना भक्कम आधार हवा.

दर वेळी वर थर चढतो, आता रस्ता घराच्या उंबऱ्याच्या वर गेलाय. काय करायचं?

जुना थर खरवडून काढूनच नवा टाका असा आग्रह धरा. त्याची यंत्रं मिळतात आणि निघालेला माल खालच्या थरात वापरता येतो. ठराव होतो त्या वेळीच हे अंदाजपत्रकात यायला हवं, काम सुरू झाल्यावर ठेकेदाराशी भांडून उपयोग नाही. गटाराची झाकणं आणि चेंबर रस्त्याच्या पातळीला आणणं हाही कामाचाच भाग आहे. खाली राहिलेलं चेंबर म्हणजे पालिकेनं स्वतः केलेला खड्डा.

फुटपाथ किती रुंद हवा?

चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, बाजारपेठेत त्याहून जास्त. उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि शेवटी सौम्य उतार हवा. आपल्याकडे फुटपाथ एक फूट उंच करतात, प्रत्येक फाटकापाशी तो तुटतो, आणि चढ-उतार करून दमलेली म्हातारी माणसं शेवटी रस्त्यावरून चालतात. विजेचा खांब, डीपी, फलक, झाडाचा कठडा हे सगळं वगळून जागा मोजा. फेरीवाल्यांना नुसतं हुसकावून हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे आणि त्यांना जागा नेमून देणंही पालिकेचंच काम आहे. फुटपाथची वेगळी नोंदवही ठेवा, सैल फरशी हीसुद्धा खड्ड्याइतकीच तातडीची बाब माना. कंबरेचं हाड मोडलेल्या आजीला तो फरक सांगता येत नाही.

गल्लीत गतिरोधक करून मिळेल का?

मागणी करा, स्वतः सिमेंट ओतून करू नका. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावर पट्टे आणि आधी फलक हवा. अरुंद आणि उंच वरवंटा मणक्याला धक्का देतो, रुग्णवाहिका अडवतो आणि पाणीही अडवतो. त्याच्या अलीकडे खड्डा ठरलेलाच.

पूर ओसरल्यावर रस्ते कधी करायचे?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कित्येक दिवस पाण्याखाली राहिलेला रस्ता वरून धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, पण खालचे थर पाण्यानं भरलेले असतात. त्या दिवसांत भरलेले ट्रक सोडले तर महिन्याभरात रस्ता संपतो. मदतीच्या गाड्या थांबवता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी ठराविक मार्ग नेमता येतात. आधी गटारांतला आणि मोऱ्यांतला गाळ काढा. मोरीच्या बाजूची माती आतून वाहून गेली असेल तर वरून काही दिसत नाही, पहारीनं ठोकून आवाज ऐका. डांबर मात्र जमीन वाळल्यावरच, दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात लोक चिडतात, आणि त्यांना कारण समजावून सांगणारा माणूस जागेवर हवा.

प्लास्टिकचे रस्ते खरंच होतात का?

होतात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकचे बारीक तुकडे गरम खडीवर टाकतात आणि मग डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. पीव्हीसी चालत नाही. यानं डांबराची पकड सुधारते, खालची ओली माती सुधारत नाही.

काम निकृष्ट झालंय असं वाटलं तर?

प्रत्येक कामाला दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना तर पाच वर्षांची देखभाल करारातच असते. पुष्कळदा होतं असं की मुदत कुणाच्या लक्षात नसते आणि पालिका स्वतःच्या पैशानं ठिगळं लावते. म्हणून रस्त्यांच्या नोंदवहीत मुदत संपायची तारीख लाल शाईनं लिहा, आणि ती संपायच्या दोन महिने आधी पाहणी करून नोटीस द्या.

नागरिकांसाठी माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, चाचणी अहवाल आणि दोषदायित्वाची मुदत, एवढंच मागा. याच कायद्यानं कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलाय. तो फार थोडे लोक वापरतात.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. चांगला रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका. अपघात झाला तर जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, जवळची खूण त्यात येऊ द्या, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला असतो. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आहे, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या लोकांना आता मुंबईपर्यंत जावं लागत नाही.

देखभालीला पैसा येतो कुठून?

मुख्य आधार घरपट्टी. त्याखेरीज वित्त आयोगाचा निधी, राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार-खासदार निधी. यातला बाहेरून येणारा पैसा बहुतेक नव्या कामाला मिळतो, भेगा भरायला मिळत नाही. म्हणून सभागृहानं स्वतःच्या उत्पन्नातून देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष ठेवावं आणि मार्चअखेरीस त्यातला पैसा दुसरीकडे वळवू नये. अर्थसंकल्पाच्या सभेत नगरसेवकांनी हा एक मुद्दा धरून ठेवला तरी खूप झालं.

तक्रार कशी लिहावी, म्हणजे कोणी दखल घेईल?

'आमच्या भागातले रस्ते खराब आहेत' असं लिहू नका. रस्त्याचं नाव, कोणत्या घरापासून किंवा दुकानापासून किती पावलांवर, खड्डा अंदाजे किती लांब-रुंद आणि खोल, पहिल्यांदा कधी दिसला, तिथे पाणी साचतं का आणि कोरड्या दिवसांतही जागा ओली असते का. हा शेवटचा तपशील जरूर लिहा, त्यावरून गळती आहे की नाही ते अभियंत्याला जागेवर यायच्या आधीच कळतं. अर्ज प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या, किंवा राज्य शासनाच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर टाकून क्रमांक जपून ठेवा. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी 'मेरी सडक' ॲप आहे. गल्लीतल्या दहा जणांनी दहा वेगवेगळे अर्ज देण्यापेक्षा सगळ्या खड्ड्यांची एकच यादी नकाशासह द्या. हातानं काढलेला नकाशा चालतो. असा नकाशा माझ्या टेबलावर आला की मी तो खिशात घालूनच साइटवर निघायचो.